माईंचं नाव आणि विमानाचं तिकीट

ताई, नमस्कार.

आम्ही डोंबिवलीला राहतो. माझ्या सासूबाईंना सगळं घर माई म्हणतं. त्यांना यंदा शहात्तर पूर्ण झाली. काशीला जायची त्यांची फार वर्षांची इच्छा, म्हणून मुंबई-वाराणसी विमानाची तिकिटं काढली. माई, आम्ही दोघं आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगा. तिकिटं धाकट्या दिरांनी मोबाइलवरच्या एका ॲपमधून काढली. त्यांच्या ॲपमध्ये सासूबाई 'माई' म्हणूनच साठवलेल्या होत्या, त्यामुळे तिकिटावरही 'माई' आणि पुढे आडनाव एवढंच आलं. माझ्या ते नऊ दिवसांनी लक्षात आलं. प्रवासाला अजून तीन आठवडे आहेत.

पण घोळ इथेच संपत नाही. आधार कार्डावर त्यांचं नाव सुलोचना आहे, शाळेच्या दाखल्यावरून लागलेलं, आडनाव मात्र सासरचं. मतदार कार्डावर सुनंदा आहे, ते लग्नात ठेवलेलं. पॅन कधी काढलंच नाही. आधारला मोबाइल नंबर जोडलाय तो सासऱ्यांचा. ते गेले, नंबरही बंद झाला. दीर म्हणतात, "काही होत नाही, वयस्कर बाई बघून सोडतात." मिस्टर म्हणतात, आधी सगळ्या कागदांवर एकच नाव करून घेऊ, मग काशी. माई म्हणतात, कशाला ते विमान, आपण गाडीनेच जाऊ. मी काय करू?

एक सून, डोंबिवली

*

नमस्कार सूनबाई,

दिरांचं ऐकू नका. मिस्टरांचंही ऐकू नका. माईंचं तर या एका बाबतीत मुळीच ऐकू नका. शहात्तराव्या वर्षी एक दिवसाहून जास्त गाडीत काढायचा, तोही फक्त एका नावाच्या भीतीने, हे काही मला पटत नाही. आणि गाडीत ओळखपत्र लागत नाही असं थोडंच आहे? फरक इतकाच, की रेल्वेत एका तिकिटावरच्या चौघांपैकी एकाने कार्ड दाखवलं की टीसीचं समाधान होतं. विमानाला प्रत्येक मोठ्या माणसाचं स्वतंत्र कार्ड लागतं. आपल्या घरातल्या बायकांची पंचाईत होते ती नेमकी इथे. आयुष्यभर प्रवास केला, पण कार्ड दाखवलं ते नवऱ्याने. स्वतःचं नाव पुढे करायची वेळच आली नाही.

दादरच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात मी बरीच वर्षं तिकिटं काढून दिली. त्या अनुभवावरून आधी विमानतळाच्या दरवाज्यावर काय होतं ते सांगते, म्हणजे अर्धी भीती तिथेच जाईल.

काचेच्या दरवाज्यापाशी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा, म्हणजे सीआयएसएफचा जवान उभा असतो. तो एका हातात तुमचं तिकीट घेतो, कागदावरचं नाहीतर मोबाइलवरचं, आणि दुसऱ्या हातात कार्ड. तिकिटावरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळतं का, कार्डावरचा फोटो समोरच्या चेहऱ्याशी जुळतो का, आणि तिकीट आजचं, याच विमानतळावरचं आहे का, एवढंच त्याला बघायचं असतं. गर्दीच्या वेळी हे पाच-सात सेकंदांत उरकतं. माईंच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहिलंय, पासबुकावर काय आहे, मतदार यादीत कुठलं नाव आहे, यातलं काही तो विचारत नाही, आणि विचारायचं त्याचं कामही नाही. त्याला एक तिकीट आणि एक कार्ड जुळलेलं दिसलं की माई आत.

म्हणजे मिस्टर सांगतात तो सगळा नाव-एकीकरणाचा कार्यक्रम काशीसाठी अजिबात लागत नाही. तो करायचाच असेल तर आल्यावर सावकाश करा. आधारमधलं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा घाईगर्दीत त्याला हात लावूच नका.

आणि दिरांना सांगा, की वयस्कर बाई बघून सोडणं त्या जवानाच्या हातात नसतं. तो विमान कंपनीचा माणूस नाही. ओळखपत्राचे नियम ठरवतं ते नागरी विमान सुरक्षा ब्युरो. १९७६ साली इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचं अपहरण झालं, त्यानंतर पांडे समितीने शिफारस केली आणि १९७८ मध्ये हा विभाग उभा राहिला. पुढे १९९९ च्या डिसेंबरात कंदाहारचं विमान अपहरणाचं प्रकरण झालं. त्याच्या पाठोपाठ २००० पासून एकेका विमानतळाची सुरक्षा राज्य पोलिसांकडून काढून सीआयएसएफकडे देण्यात आली. दरवाज्यावर जो चेहरा तुम्हाला कठोर वाटतो, त्याच्यामागे हा सगळा इतिहास आहे. 'माई' नावाचं तिकीट आणि 'सुलोचना' नावाचं कार्ड घेऊन त्याला 'अहो, घरात सगळे माईच म्हणतात' असं समजावत बसणं म्हणजे त्याचीही पंचाईत आणि आपलीही. एखाद्याने सोडलंही असेल. पण परतीच्या दिवशी वाराणसीला बाबतपूरच्या विमानतळावर दुसरा उभा असेल, तो सोडेलच असं नाही.

आता कार्ड कुठलं?

ब्युरोने ऑक्टोबर २०१७ मध्ये कुठली ओळखपत्रं चालतील याची यादीच काढली. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, आधार किंवा मोबाइलमधलं एम-आधार, पॅन, वाहन परवाना ही तर सगळ्यांना ठाऊक असलेली. त्याशिवाय नोकरीच्या ठिकाणचं फोटो असलेलं ओळखपत्र, विद्यार्थ्यांचं ओळखपत्र, फोटो असलेलं पेन्शन कार्ड, अपंगत्वाचं फोटो असलेलं ओळखपत्र किंवा प्रमाणपत्र, आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं साक्षांकित फोटो असलेलं पासबुक. यात 'राष्ट्रीयीकृत' हा शब्द महत्त्वाचा. डोंबिवलीत निम्म्या लोकांची खाती सहकारी बँकेत आणि पतपेढीत असतात, ते पासबुक घेऊन कुणी जाऊ नये. रेशनकार्ड यादीत नाही, मग त्यावर माईंचा कितीही विश्वास असो. एसटीचं ज्येष्ठ नागरिकांचं स्मार्ट कार्डही नाही. यातलं काहीच नसेल तर गट 'अ' राजपत्रित अधिकाऱ्याने फोटोसकट दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र चालतं, पण तुम्हाला तिथवर जायची गरज नाही. तुमच्याकडे यादीतली दोन कार्डं आहेत.

नियमाने दोन्ही सारखीच. तरी मी आधारच्या बाजूची आहे आणि त्याचं कारण फोटो. मतदार ओळखपत्रं १९९३ पासून निघायला लागली. माईंचं कार्ड जुनं असेल तर त्यावरचा काळा-पांढरा फोटो तीसेक वर्षांपूर्वीचा असणार. त्यातल्या बाईंचे केस काळे असतील, आणि आमच्या पिढीतल्या निम्म्या बायका त्या फोटोत घाबरलेल्या दिसतात. जवान फोटो आणि चेहरा ताडून बघतो तेव्हा असला फोटो पाच सेकंदांची पाच मिनिटं करतो. आधार त्यामानाने अलीकडचं. (देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्यानंतरची दोन-तीन वर्षं गल्लोगल्ली जे शिबिरांचं पेव फुटलं होतं, तिथे पुढ्यात येईल त्या कागदावरून नाव चढायचं. पहिलं नाव दाखल्यावरून, आडनाव रेशनकार्डावरून. माईंचं तसंच झालेलं दिसतं.) शिवाय एसटीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास मिळायला लागल्यापासून माई कंडक्टरला आधारच दाखवत असतील. हाताला सवय आहे. विमानतळावरचा जवान म्हणजे जरा इस्त्रीतला कंडक्टर समजा, एवढंच त्यांना सांगा.

पण सूनबाई, एक करा. कुठल्या नावाने जायचं ते माईंना विचारा. तुमच्या पत्रात दिरांचं मत आहे, मिस्टरांचं आहे, तुमची काळजी आहे. माईंचं मत फक्त गाडीने जाऊ या एवढंच आहे, आणि ते मत नव्हे, तो संकोच आहे. लग्नात नाव बदललेल्या बायका मी काउंटरवर पुष्कळ पाहिल्या. "नाव काय घालू?" विचारलं की आधी नवऱ्याकडे बघायच्या. एका आजींनी मला माहेरचं नाव सांगितलं आणि लगेच स्वतःच हसून म्हणाल्या, "हे आता कुणी वापरत नाही हो." त्यांच्या पासपोर्टावर मात्र तेच होतं. माईंना सुलोचना म्हणून काशीला जायचं असेल तर आधार. सुनंदाच म्हणून जायचं असेल तर मतदार कार्ड, फोटोचं काय ते बघून घेऊ. कुठलंही चालेल, एकदा ठरलं की तिकिटावर तेच नाव आलं पाहिजे.

आणि दुसरं कार्ड पर्समध्ये आत राहू दे. दोन्ही एकदम जवानापुढे धरू नका. लोकांना वाटतं जास्त कागद दाखवले की जास्त विश्वास बसेल. प्रत्यक्षात दोन कार्डांवर दोन नावं दिसली की नसती चौकशी सुरू होते.

आता तिकिटाचं काम, आणि हे आजच करा. हे वाचून झालं की फोन उचला.

थेट विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून तिकीट काढलं असेल आणि नावातली चूक २४ तासांत कळवली, तर त्याच माणसाच्या नावाची दुरुस्ती कंपनीने पैसे न घेता करून द्यायची असते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचाच तसा नियम आहे. तुमचं तिकीट ॲपवरचं, आणि नऊ दिवस होऊन गेले, म्हणजे हा रस्ता दोन्हीकडून बंद. पण याचा अर्थ दुरुस्ती होणारच नाही असा नाही. आधी ॲपवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन करा, कारण ज्याने तिकीट काढलं त्यालाच ते उघडता येतं असं कंपन्या बऱ्याचदा सांगतात. त्यांनी टोलवलं तर थेट कंपनीला. पीएनआर क्रमांक तयार ठेवा, माईंच्या ठरलेल्या कार्डाची मूळ प्रत समोर ठेवा, आणि बोलताना शब्द नीट वापरा. 'नाव बदलायचं आहे' असं म्हणू नका. तसं म्हटलं की पलीकडच्या मुलीला वाटतं तिकीट दुसऱ्या कुणाला द्यायचंय, आणि ते तर चालतच नाही. 'प्रवासी तीच आहे, तिकिटावर घरचं हाक मारायचं नाव चुकून पडलंय, ओळखपत्राप्रमाणे दुरुस्ती हवी' असं सांगा. आडनाव तेच आहे, बरोबरचे तिघेही त्याच घरातले आहेत, हे आवर्जून सांगा. कार्डाची प्रत मागितली तर पाठवा.

वेब चेक-इन, म्हणजे घरबसल्या बोर्डिंग पास काढणं, व्हायच्या आत हे उरकलं पाहिजे. एकदा चेक-इन झालं की दुरुस्तीचा गुंता वाढतो. परतीचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं असेल तर हाच खटाटोप तिकडेही करायचा. जाताना सुलोचना आणि येताना माई, असं झालं तर तुम्ही काशीत अडकाल. तिथे अडकायला काही हरकत नाही म्हणा, पण मुलाची शाळा आहे.

समजा कंपनीने स्पष्ट नाही म्हटलं, तर चौघांचं तिकीट रद्द करू नका. एका पीएनआरमधून एकट्या माईंचं वेगळं काढून रद्द करता येतं. त्याआधी त्याच विमानात जागा आहे ना आणि आज दर काय आहे ते बघा, योग्य नावाने नवीन काढा, मग जुनं सोडा. रद्द करायचे पैसे कापले जातील, पण ते मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त कापता येत नाहीत. तिकिटावर 'परतावा नाही' असं लिहिलेलं असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळाली पाहिजेत. ॲपवाले म्हणाले कंपनीकडे मागा आणि कंपनी म्हणाली ॲपकडे मागा, तर लक्षात असू द्या, एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी मानला जातो आणि परताव्याची जबाबदारी कंपनीची असते. हे वाक्य शांतपणे दोनदा म्हटलं की बहुतेक वेळा काम होतं.

नाव घालताना दिरांना बाजूला बसवा आणि तुम्ही स्वतः कार्डावरच्या इंग्रजी अक्षरांकडे बघून एकेक अक्षर टाइप करा. तिकीट इंग्रजीत निघतं आणि आपली खरी मारामारी स्पेलिंगची. 'व' कुणी व्ही लिहितं, कुणी डब्ल्यू. सावंतांच्या एकाच घरात दोन तऱ्हा सापडतात. 'ज्ञ' तर विचारूच नका. आपण डी-एन-वाय लिहितो, बाहेरचे जी-वाय लिहितात, आणि ज्ञानेश्वर नावाच्या माणसाची प्रत्येक कागदावर वेगळी जात होते. एखाद्या अक्षराच्या फरकावरून सहसा कुणी अडवत नाही, पण मुद्दाम फरक कशाला ठेवायचा? मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, तिकिटावर नसलं तरी चालतं. पहिलं नाव आणि आडनाव जुळलं पाहिजे. आणि बोर्डिंग पास हातात आल्यावर घाबरू नका. त्यावर आडनाव आधी, मग नाव, मागे 'मिसेस'ची अक्षरं, सगळं एकमेकांना चिकटवून छापलेलं असतं. लांब नाव असेल तर शेपूट कापलेलंही असतं. ती छपाईची तऱ्हा आहे, चूक नव्हे.

दिरांनी तिकीट ज्येष्ठ नागरिक सवलतीत काढलंय का तेही बघून ठेवा. सवलत असेल तर वयाचा पुरावा मागू शकतात. जुन्या आधार कार्डांवर कित्येकांचं फक्त जन्मसाल आहे, तारीख नाही. माईंना शहात्तर झाल्यावर नुसत्या सालावरही साठीचा हिशोब लागेल, पण साठी नुकतीच ओलांडलेल्या वाचकांनी आपलं कार्ड एकदा उलटून पाहावं.

आता त्या बंद झालेल्या नंबरचं. मोबाइलमधलं एम-आधार आणि डिजिलॉकर, म्हणजे सरकारी कागदपत्रं ठेवायचं ॲप, विमानतळावर चालतात, पण दोन्ही उघडायला ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तुमच्याकडचा ओटीपी सासऱ्यांच्या बंद नंबरवर जाणार. डिजियात्राचंही तेच. तिथे चेहरा दाखवून आत जाता येतं, वाराणसीत डिसेंबर २०२२ पासून आणि मुंबईत २०२३ पासून सोय आहे, पण नोंदणी आधारवरूनच करावी लागते. ती सक्तीची नाही हे ध्यानात ठेवा. कुणी 'डिजियात्रा घ्याच' म्हणून मागे लागलं तर नको म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माझं मत विचाराल तर चौघांपैकी तुमच्या दोघांकडे ती असली तरी त्या दिवशी वापरू नका. तुम्ही एका दारातून सटकन आत आणि माई नातवासकट दुसऱ्या रांगेत, असं नको.

तेव्हा माईंसाठी हातात धरायचं खरं कार्ड हवं. जुन्या आधारचा लॅमिनेशनखाली फोटो पुसट झाला असेल तर पीव्हीसी कार्ड मागवा, एटीएम कार्डासारखं येतं ते. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरून ते न जोडलेल्या नंबरवर ओटीपी घेऊनही मागवता येतं, म्हणजे तुमचा स्वतःचा नंबर चालेल. स्पीड पोस्टाने घरी येतं. तीन आठवडे आहेत, पण आजच मागवा, पोस्टमनच्या भरवशावर शेवटचा आठवडा ठेवू नका. नवीन नंबर जोडायला माईंना आधार केंद्रावर न्यावं लागेल, बोटाचे ठसे लागतात, कागद मात्र कुठला लागत नाही. ते काम प्रवासाच्या आधी झालं तर बरं, नाही झालं तर अडत नाही.

मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो काढून ठेवलेला असतो ना, तो ओळखपत्र नव्हे. डिजिलॉकरच्या ॲपमध्ये उघडलेलं आधार वेगळं आणि व्हॉट्सॲपवर लेकाने पाठवलेला आधारचा फोटो वेगळा. हा फरक न कळल्याने दरवाज्यावर सर्वात जास्त लोक अडकलेले मी पाहिलेत. झेरॉक्सचंही तेच. आणि झेरॉक्सबद्दल मी बोलते ते अनुभवाने.

मी पार्ल्याला राहते, सांताक्रूझचं विमानतळ मला हाकेच्या अंतरावर. एका पहाटेच्या विमानाने नागपूरला निघाले होते. आदल्या संध्याकाळी लॉजसाठी म्हणून पॅन कार्डाची झेरॉक्स काढली, दुकानदाराशी गप्पा मारल्या, झेरॉक्स घडी करून पर्समध्ये घातली आणि घरी आले. आयुष्यभर लोकांना 'ओरिजिनल घ्या हं' म्हणून सांगणारी मी दुसऱ्या दिवशी दरवाज्यावर पर्स उपडी करून उभी. कार्ड कुठे? झेरॉक्सच्या मशीनच्या काचेवर, झाकणाखाली, रात्रभर. जवान अगदी नम्रपणे "मॅडम, ओरिजिनल चाहिए" एवढंच म्हणत होता आणि मी त्याला माझी नोकरीतली वर्षं सांगत होते. शेवटी मुलाला झोपेतून उठवलं, तो माझा वाहन परवाना घेऊन रिक्षाने आला. तेव्हापासून माझा नियम आहे: ज्या दिवशी झेरॉक्स काढली त्या रात्री झोपण्यापूर्वी मूळ कार्ड डोळ्यांनी बघायचं. काशीत धर्मशाळेला नाहीतर हॉटेलला प्रती लागतीलच, त्या चार जास्त काढा. पण मूळ कार्ड माईंच्या कमरेच्या बटव्यात, आणि घाटावर स्नानाला उतरताना तो बटवा तुमच्याकडे.

मुलाची फार काळजी नको. आई-वडिलांबरोबर असलेल्या अल्पवयीन मुलाला वेगळं ओळखपत्र लागत नाही, तुमचं असलं की झालं. तरी त्याचं आधार नाहीतर शाळेचं ओळखपत्र बरोबर ठेवा, मुलांना जवानाला कार्ड दाखवायची भारी हौस असते. दोन वर्षांखालचं बाळ असेल त्यांनी मात्र जन्मदाखला न्यावा, कारण बाळाच्या तिकिटासाठी कंपनी वय बघते.

माईंना फार चालवत नसेल तर व्हीलचेअर आत्ताच नोंदवा, दुरुस्तीच्या त्याच फोनवर. मुंबईच्या टी-टू मध्ये, म्हणजे टर्मिनल दोनमध्ये, चालणं काही थोडंथोडकं नाही. आणि तिकिटावर विमानतळाचं नाव नीट वाचा, हे डोंबिवलीकरांना मुद्दाम सांगते. देशांतर्गत विमानं सांताक्रूझच्या टी-वन वरूनही सुटतात आणि सहारच्या टी-टू वरूनही, आणि एकातून दुसऱ्यात आतून चालत जाता येत नाही. त्यात डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचंही विमानतळ सुरू झालंय. नाव जुळलं, कार्ड जुळलं, फोटो जुळला आणि दार भलतंच निघालं, तरी जवान परतच पाठवणार. मुलुंडच्या टोलनाक्यापाशी हे लक्षात येण्यापेक्षा घरी चहा पिताना लक्षात आलेलं बरं.

दुरुस्त झालेलं तिकीट आलं की त्याचा एक मोठ्या अक्षरातला छापील कागद काढा आणि कार्डाबरोबर माईंच्या हातात द्या. दरवाज्यावर तुम्ही त्यांच्या मागे उभ्या राहा, पुढे नको. कार्ड त्यांना स्वतःला दाखवू दे. जवानाने नाव विचारलंच तर त्यांनी कार्डावरचंच नाव सांगायचं, एवढं घरी दोनदा बोलून घ्या. पन्नासेक वर्षं माई म्हणवून घेतलेल्या बाईच्या तोंडून ऐन वेळी 'माई'च निघायचं.

आणि हो, त्यांच्या बटव्यात अडकित्ता असेल तर तो आदल्या रात्रीच काढून मोठ्या बॅगेत टाका, जी सामानात जाते तिच्यात. केबिनमध्ये धारदार काही चालत नाही, आणि तिथे जप्त झालेली वस्तू परत मिळत नाही. सुपारी मात्र घरूनच कातरून घ्या, विमानात लागेल.